बाँडचा सूट मारामारीत फाटत का नाही, आणि तसाच सूट तुम्ही का मागू नये

तुम्ही तीन गोष्टी एकदम विचारल्यात. बाँड ट्रेनच्या टपावर मारामारी करतो तरी त्याचा कोट जागचा हलत नाही ते कसं, सगळ्यात चांगले सूट कोणत्या बाँडचे, आणि डिसेंबरात तुमचं रिसेप्शन आहे तर ‘स्कायफॉल’मधला तो करडा सूट दादरला कोणी तसाच्या तसा शिवून देईल का. तिसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, शिवून देतील हो, पण तुम्ही मागू नका. का ते कळायला पहिल्या दोन प्रश्नांतून जावं लागेल, त्यामुळे हे लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं मूळ काम कोट कापायचं. दुकान आहेच, पण मधली बरीच वर्षं सिनेमा, जाहिराती आणि आता वेब सिरीज, ह्यांच्या कॉस्च्युम डिपार्टमेंटसाठी पुरुषांचे कपडे कापलेत. त्यामुळे पडद्यावरचा सूट आणि गिऱ्हाईकाचा सूट ही दोन वेगळी कामं आहेत हे मला रोज दिसतं, आणि फोटो मोबाईलवर दाखवून ‘मास्टर, सेम टू सेम पाहिजे’ म्हणणारे पण रोजच दिसतात.

आता पहिली गोष्ट. पडद्यावर तुम्हाला जो एक सूट दिसतो तो कधीच एक नसतो. ॲक्शनचा सीन असेल तर त्याच कापडाचे, त्याच मापाचे बरेच सूट एकावेळी शिवून रॅकला लावलेले असतात. हिरोचा स्वच्छ सूट वेगळा जो क्लोजअपला आणि चालताना घालायचा, त्याच्या स्टंट डबलचा वेगळा कारण त्याची छाती आणि खांदे हिरोसारखे नसतात, वायरवर लटकायचं असेल तर आत हार्नेस येतो म्हणून एक-दोन इंच मोठा कापलेला आणि बाजूच्या शिलाईत वायर बाहेर काढायला फट ठेवलेली तो वेगळा. बाईक चालवायची असेल तर हात पुढे जातात आणि बाही वर सरकते, म्हणून त्या शॉटपुरती बाही लांब ठेवलेला कोट असतो, उभा राहिला की तो कोट विचित्र दिसेल पण बाईकवर बसला की बरोब्बर मनगटावर येतो. लाथ मारायच्या पँटीला आसनात कळी टाकतात, कोटाच्या बगलेत कळी टाकतात, कधी पाठीच्या शिलाईत लायक्राची पट्टी घालतात आणि कॅमेरा मागून येणार नाही एवढं बघतात. ह्या सगळ्याचं कापड एकाच ताग्यातलं किंवा निदान एकाच डाय लॉटमधलं, म्हणजे एकाच वेळी रंगवलेलं लागतं. दुकानात दोन लॉट शेजारी ठेवले तर तुम्हाला फरक कळणारही नाही, पण लाईटखाली कोट एका शेडचा आणि पँट दुसऱ्या शेडची दिसते, आणि मग डिझायनर आधी टेलरला फोन करतो.

त्यात परत मळवायचे सूट वेगळे. हिरो धुळीत पडतो, मग रक्त येतं, मग खांदा फाटतो, आणि शूटिंग काय ह्या क्रमाने होत नाही, फाटलेला सीन सोमवारी आणि त्याआधीचा स्वच्छ सीन गुरुवारी असं चालतं. म्हणून एक नंबरचा सूट थोडा धुळीचा, दोन नंबरचा जास्त, तीन नंबरचा फाटका, असे टप्पे करून ठेवायचे, प्रत्येकाला टॅग आणि फोटो. नवीन कोऱ्या वूलनला पॉलिश पेपरने घासायचं, कोपरावर वायर ब्रश मारायचा, मुलतानी माती चोपडायची, चहाच्या पाण्यात बुडवायचं. आपण जीव तोडून शिवलेला कोट दुसऱ्या दिवशी कोणीतरी पॉलिश पेपरने घासत बसलेला बघणं ह्याची सवय व्हायला वेळ लागतो. आणि प्रत्येक कटनंतर ड्रेसमन धावत जाऊन कॉलर बसवतो, पाठ ओढून सरळ करतो, खिशाचे फ्लॅप बाहेर काढतो. सुरकुती पडतेच. तुम्हाला दाखवत नाहीत, एवढंच.

‘स्कायफॉल’ (२०१२) मध्ये ट्रेनचा डबा मागून फाटतो, बाँड आत उडी मारतो आणि शर्टाचा कफ नीट करतो, तो शॉट सगळ्यांना पाठ आहे. ही बाँडची जुनी खोड आहे, ‘गोल्डनआय’ (१९९५) मध्ये ब्रॉसनन रणगाडा चालवताना भिंत फोडून बाहेर येतो आणि टायची गाठ सरळ करतो. हसू येतं, पण कॉस्च्युमवाल्याच्या दृष्टीने हे फार हुशारीचं काम आहे, कारण त्या एका हालचालीमुळे तुमची खात्री पटते की हा माणूस मगाचपासून ह्याच एका सूटमध्ये होता.

पण कॉप्या कितीही करा, कट चुकला तर प्रत्येक कॉपी चुकणार. आणि हेराच्या सूटचा सगळा जीव मुंढ्यात आहे. बाही जिथे धडाला जोडली जाते ते भोक. बहुतेक लोकांना वाटतं की मुंढा मोठा आणि खोल असला की हात मोकळा हलतो. बरोब्बर उलटं आहे. मुंढा खोल असला की बाही तुमच्या बरगडीपाशी जोडलेली असते, हात वर केला की बाही अख्ख्या कोटाला घेऊन वर जाते, खांदे कानाला लागतात, कॉलर मानेपासून सुटते आणि पोट उघडं पडतं. मुंढा लहान आणि बगलेला भिडलेला असला, आणि बाहीची गोलाई त्या मानाने भरपूर ठेवली असली, की हात वर जातो आणि कोट जागेवर राहतो. रेडीमेड कोट दहा प्रकारच्या दंडांना बसवायचा असतो म्हणून कंपनी मुंढा मोठाच ठेवते, त्यांचा नाईलाज आहे. तुमचा मुंढा बघायचा असेल तर लोकलमध्ये कोट घालून वरची कडी धरा, एका सेकंदात कळेल.

गंमत अशी की वर घेतलेला मुंढा पहिल्या ट्रायलला काखेत लागतो. गिऱ्हाईक म्हणतं ‘मास्टर, टोचतंय’, मास्टर वाद नको म्हणून कात्री घालून मुंढा खाली करतो, गिऱ्हाईक खूश, आणि कोट कायमचा गेला. कारण कापड कापलं की परत चिकटवता येत नाही. नुसतं लागणं आणि खरंच कापणं ह्यातला फरक कोटाला पूर्ण बाही लागल्यावर आणि दहा मिनिटं घालून फिरल्यावरच कळतो. हे पटवून देणारा मास्टर मिळाला तर त्याला सोडू नका.

आता बाँडांकडे येऊ. माझ्या मते शिवणकामाच्या दृष्टीने शॉन कॉनरीच्या पहिल्या चार पिक्चरांना तोड नाही. ‘डॉ. नो’ (१९६२) चा दिग्दर्शक टेरेन्स यंग स्वतः कपड्यांचा शौकीन होता. कॉनरी एडिंबरोचा, दूध टाकायची नोकरी केलेला, बॉडीबिल्डिंग केलेला माणूस, चांगल्या सूटची सवय नाही. यंगने त्याला धरून आपल्याच टेलरकडे नेलं, लंडनच्या कॉन्ड्युइट स्ट्रीटवरच्या अँथनी सिंक्लेअरकडे, आणि शर्टासाठी टर्नबुल अँड ॲसरकडे. यंगने कॉनरीला सूट घालून झोपायला लावलं, म्हणजे त्याला त्याची सवय व्हावी, अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, सल्ला उत्तम आहे. सूट नवा आहे हे कापडापेक्षा घालणाऱ्याच्या हातावरून जास्त कळतं, ज्याला सवय नाही तो सारखा बटण चाचपतो.

सिंक्लेअर लष्करातल्या ऑफिसरांचे कपडे शिवणारा माणूस. त्याचा कट साधाच होता आणि त्या साधेपणातच सगळं होतं. खांदा नैसर्गिक, फार पॅडिंग नाही. छातीवर थोडं जास्तीचं कापड सोडलेलं, जे उभं राहिल्यावर मुंढ्याच्या पुढे हलकीशी उभी घडी पाडतं. कंबर आत घेतलेली, खालचा घेर किंचित बाहेर. ह्या छातीवरच्या जास्तीच्या कापडाचे दोन फायदे. एकतर कॉनरीची छाती आणि कंबर ह्यात मोठा फरक होता, नुसतं घट्ट कापलं असतं तर तो पैलवान दिसला असता. आणि दुसरं म्हणजे बाँडच्या काखेत पिस्तुलाचं होल्स्टर असायचं, ‘डॉ. नो’ मध्येच त्याची जुनी बेरेटा काढून घेऊन वॉल्थर पीपीके देतात, तर ते आत असून बाहेर फुगवटा दिसू नये. घट्ट कोटाखाली पिस्तूल लपत नाही, मोबाईल पण लपत नाही, खिशात ठेवून बघा.

पँट उंच, कमरेला, पुढे दोन चुण्या, बेल्ट नाही, बाजूला बटणाने आवळायच्या पट्ट्या. बेल्ट नसल्यामुळे कोटाचं बटण आणि पँट ह्यांच्यामध्ये काही चमकत नाही आणि माणूस एकसलग उंच दिसतो. टाय गडद निळी, ग्रेनाडाइन विणीची, म्हणजे जवळून बघितलं तर जाळीसारखी आणि लांबून प्लेन. शर्टाला कफलिंक नाहीत, उलटी दुमडलेली कफ आणि दोन बटणं. खिशात पांढरा रुमाल, सरळ घडीचा. आणि पिक्चरमधल्या पहिल्या दर्शनाचा जो डिनर सूट आहे, कॅसिनोत पत्ते खेळताना, तो काळा दिसत असला तरी काळा नाहीये, मिडनाइट ब्लू म्हणजे अगदी गडद निळा आहे, शॉल कॉलरचा, बाहीलाही रेशमाची दुमड. कृत्रिम उजेडात काळं कापड कधी हिरवट तर कधी राखाडी मारतं, हा निळा मात्र काळ्यापेक्षा काळा दिसतो. ड्यूक ऑफ विंडसरने हा रंग आधीच लोकप्रिय केला होता. डिजिटल कॅमेऱ्यावर पण तेच, शुद्ध काळ्या कोटात लॅपल (छातीवर उलटून दुमडलेली पट्टी), खिसा, शिलाई सगळं एक डाग होऊन जातं. म्हणून आम्ही ‘काळा सूट’ लिहून आला की डिझायनरला विचारतो, खरंच काळा का?

‘गोल्डफिंगर’ (१९६४) मध्ये ओल्या डायव्हिंग सूटची चेन उघडली की आत पांढरा डिनर जॅकेट आणि लाल कार्नेशनचं फूल. हे अशक्य आहे, सगळ्यांना माहितीये अशक्य आहे, आणि म्हणूनच मजा आहे. त्याच पिक्चरमधला करड्या बारीक चेक्सचा थ्री पीस मला जास्त आवडतो, वेस्टकोटला पण लॅपल आहेत त्याच्या. कोणी थ्री पीस मागितला की मी तो दाखवतो.

पुढचं भराभर सांगतो. कॉनरीनंतरचा बाँड जॉर्ज लेझनबी (१९६९), त्याला रोल कसा मिळाला तर तो सिंक्लेअरकडे गेला आणि कॉनरीने न नेलेला एक सूट घालून, कॉनरीच्याच न्हाव्याकडे केस कापून ऑडिशनला पोचला, असं तो स्वतः सांगत आलाय. पिक्चरमधले त्याचे सूट डिमी मेजरने शिवले आणि ते खरंच सुंदर आहेत, लोक त्याच्या ॲक्टिंगवर बोलतात आणि कपडे राहून जातात. पुढचा बाँड रॉजर मूर, त्याचे टेलर तीन, आधी सिरिल कॅसल, मग रोमचा आंजेलो, मग ‘ऑक्टोपसी’ (१९८३) वगैरे वेळी डग्लस हेवर्ड. सत्तरीतले रुंद लॅपल आणि खाली फाकलेल्या पँटी बघून लोक हसतात, पण खांदा आणि कॉलर बघा, एकही कोट मानेपासून सुटलेला नाहीये. मूरचा सफारी मात्र आपल्याकडे वेगळ्याच वाटेने आला. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपले साहेब लोक, बँकेतले मॅनेजर, शाळेचे मुख्याध्यापक सगळे सफारीत, आणि व्हीआयपीच्या मागेपुढे चालणारे सिक्युरिटीवालेही सफारीत. म्हणजे लंडनचा हेर फॅशन म्हणून जो ड्रेस घालत होता तो आपल्याकडे खरोखर साध्या वेशातल्या लोकांचा युनिफॉर्म झाला. वर तो उपयोगाचा पण होता, खिसे भरपूर, पँटीच्या बाहेर सोडायचा असल्याने कमरेचं पिस्तूल झाकलं जातं, आणि मुंबईच्या घामात अस्तर लागत नाही.

डाल्टनच्या ‘लायसन्स टू किल’ (१९८९) चे कपडे जोडी टिलन यांनी केले, त्या आधी ‘मायामी व्हाइस’ वर होत्या, आणि ते सैल खांदे बघून ते कळतंच. १९९५ पासून लिंडी हेमिंग आल्या आणि त्यांनी इटलीच्या ब्रिओनीला घेतलं. इंग्लंडचा हेर आणि रोमचा टेलर, म्हणून तेव्हा बरीच नाराजी झाली. पण त्यामागचं मुख्य कारण मी वर सांगितलं तेच, कॉप्या. सॅव्हिल रो ह्या लंडनच्या टेलरांच्या रस्त्यावरचं दुकान एक सूट अप्रतिम देईल, पण एकाच मापाचे ढीगभर सूट शूटिंगच्या तारखेला रॅकवर पाहिजेत म्हटलं तर मोठं वर्कशॉपच लागतं. डिझायनर टेलर निवडतो तेव्हा टाका किती बारीक हे नंतर, आधी तारीख.

आता तुमचा ‘स्कायफॉल’. डॅनियल क्रेगला २००८ पासून टॉम फोर्डचे सूट आले. २००८ वाल्या पिक्चरमधले मला मनापासून आवडतात. ‘स्कायफॉल’ला डिझायनर बदलल्या, जानी तेमीम आल्या, हॅरी पॉटरचे बरेचसे पिक्चर त्यांनीच केलेत, आणि त्यांनी सूट शरीराला चिकटवला. कोट आखूड, लॅपल बारीक, पँट खाली कमरेवर, मांडीला घट्ट. बटण लावलं की त्यातून चारी बाजूला सुरकुत्या जातात, इंग्रजी एक्ससारख्या, तुम्ही पोस्टर बघा, दिसतील. बटणाखाली शर्टाचा त्रिकोण उघडा पडतो. आमच्या धंद्यात ह्याला सरळ ‘छोटा झाला’ म्हणतात.

मग त्यांना कळत नव्हतं का? उत्तम कळत होतं. त्या पिक्चरभर बाँड थकलेला आहे, जखमी आहे, वय झालंय, आणि तरी शरीर दगडासारखं. कपड्याने ते शरीर दाखवायचं होतं, कापडातून ताण दिसायला हवा होता. कॉनरीच्या वेळी सूट शरीराला सभ्य करत होता, इथे सूट शरीराला आवरू शकत नाहीये असं दिसतं. त्या गोष्टीला ते चालून जातं. शिवाय क्रेग त्या सूटमध्ये बसायचा किती आणि जेवायचा किती? शॉट झाला की कोट काढून ड्रेसमनच्या हातात. तुम्ही तो सूट घालून चार तास स्टेजवर उभे राहणार, आणि छाती-कंबरेत त्याच्याइतका फरक नसेल (आपल्याकडे साधारण सहा इंच धरतात, लग्नाच्या आधीच्या केळवणांनंतर चारच उरतो) तर ताण छातीऐवजी पोटावर दिसणार. २०१२ नंतर आखूड कोटांची जी लाट आली त्यात निम्म्या महाराष्ट्राच्या रिसेप्शनचे अल्बम वाया गेलेत, हे माझं मत, भांडायचं असेल तर भांडा.

हेराचा सूट म्हणजे बाँडच असं पण नाही. ‘द इप्क्रेस फाइल’ (१९६५) बाँडच्याच निर्मात्यांपैकी हॅरी सॉल्ट्झमनने काढला, आणि त्यात मायकेल केनचा हेर म्हणजे चष्मा, रेनकोट, पगार कमी, सुपरमार्केटात डबे निवडणारा. त्याचे कपडे बघितले की ह्याचा पगार कळतो. मला हे काम बाँडपेक्षा अवघड वाटतं. ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (२०११) तर कॉस्च्युमच्या पोरांना मी बघायलाच लावतो. जॅकलिन ड्युरन यांची वेशभूषा, काळ १९७३ च्या आसपासचा. गॅरी ओल्डमनचा स्मायली नोकरीतून काढलेला, बायको सोडून गेलेली, त्याचा सूट चांगल्या कापडाचा पण जुना, रंग असे की भिंतीत मिसळून जावा. त्याच ऑफिसातला कॉलिन फर्थचा हेडन मात्र नटवा, स्वतःवर खूश. आणि हाच कॉलिन फर्थ तीन वर्षांनी ‘किंग्जमन’ (२०१४) मध्ये डबल ब्रेस्टेड घालून पबमध्ये छत्रीने टोळी झोडतो, जिथे हेरांचं ऑफिसच एका टेलरच्या दुकानामागे आहे. ते बाहेरून दिसणारं दुकान म्हणजे खरंखुरं हंट्समन, ११ सॅव्हिल रो, १८४९ पासूनचं. एरियान फिलिप्स यांनी ते कपडे केले आणि पिक्चरबरोबर तेच कपडे विकायलाही आणले, हा धंदा नवीन होता. दोन्ही पिक्चर एका आठवड्यात बघा, तोच माणूस, तेच खांदे, आणि शिवणकामाने माणूस किती बदलतो ते बघा.

कपड्यावरून पत्ता लावायची गोष्ट निघालीच आहे तर ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) विसरू नका. सगळ्यांना कॅरी ग्रँट मक्याच्या शेतात विमानापुढे पळतो तो करडा सूट आठवतो. मला त्याआधीचा हॉटेलातला सीन आवडतो, त्याला कॅप्लन नावाचा जो हेर समजून पकडलंय त्याच्या खोलीत तो शिरतो, कपाटातला सूट अंगाला लावून बघतो आणि तो आखूड पडतो. म्हणजे तो मी नव्हेच, पुरावा काय तर माप! आणि बाँडचा लेखक इयन फ्लेमिंग, त्याच्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ कादंबरीत बाँडला समोरच्या माणसाची टाय विंडसर गाठीने बांधलेली बघून तो आवडत नाही, आणि तो निघतो शत्रूचा मारेकरी.

खऱ्या हेरांच्या बाबतीत हे जिवावरचं काम होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची एसओई ही संघटना जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये माणसं उतरवायची, तेव्हा लंडनमध्ये त्यांच्यासाठी कपडे शिवायला युरोपातून पळून आलेले टेलर आणि शिवणकाम करणाऱ्या बायका बसवल्या होत्या. निर्वासितांचे जुने कपडे उसवून बघायचे, कॉलर कशी बसवली, बटण कशा टाक्याने लावलं, शिलाई आतून कशी संपवली, सगळं तसंच करायचं आणि लंडनचं लेबल कुठे राहू द्यायचं नाही. ब्रिटिश पद्धतीने लावलेल्या बटणावरून माणूस पकडला जाऊ शकत होता. कॉपी म्हणजे काय ते इथे कळतं. आणि ज्याला टेलर आणि हेर एकाच गोष्टीत पाहिजेत त्याने ‘द टेलर ऑफ पनामा’ (२००१) बघावा. जेफ्री रश टेलर, स्वतःला सॅव्हिल रोचा म्हणवतो पण शिवण जेलमध्ये शिकलेला, आणि हेर म्हणून त्याला नादी लावतो कोण तर पियर्स ब्रॉसनन, खुद्द बाँड असतानाच्या काळात. मापं घेताना माणूस हात वर करून उभा असतो आणि बोलत सुटतो, हे ज्याने लिहिलं त्याला आमचं दुकान माहिती होतं.

आपल्याकडचं विचाराल तर ‘एक था टायगर’ (२०१२) चा गळ्यातला चेक्सचा स्कार्फ गल्लोगल्ली विकला गेला, त्या अर्थी काम झालं. पण मला ‘द फॅमिली मॅन’ (२०१९) मधला मनोज वाजपेयी जास्त पटतो. साधे शर्ट, बाह्या दुमडलेल्या, खांदा थोडा उतरलेला, गर्दीत उभा केला तर सापडणार नाही. दुसऱ्या सीझनमध्ये तो आयटी कंपनीत लागतो तेव्हा कपडे नीट होतात आणि माणूस मात्र अवघडतो. शर्टाचा उतरलेला खांदा मुद्दाम कापावा लागतो बरं का, आपोआप उतरत नाही.

तर आता तुमचा रिसेप्शनचा सूट. रंग करडा ठेवायचा तर ठेवा, गडद निळा जास्त चालेल कारण नंतरही वापराल. काळा नको. अगदी बारीक चेक्स किंवा बारीक रेघा नकोत, व्हिडिओत त्या वळवळतात आणि एडिटरला काही करता येत नाही. कापड वूलन घ्या, वर्षभर घालायचं तर मीटरला साधारण २५० ते २८० ग्रॅमचं, साध्या विणीचं. कॉनरीच्या काळातल्या इंग्लिश सूटचं कापड बऱ्याचदा ३४० च्या पुढे असायचं, ते लंडनला ठीक. दुकानदार सुपर १५० वगैरे दाखवून भाव वाढवेल, धागा जेवढा बारीक तेवढी सुरकुती लवकर आणि झिजतंही लवकर, सुपर १०० ते १२० मध्ये थांबा. अस्तर पाठीला अर्धंच लावायला सांगा.

टेलर निवडताना एकच विचारा, छातीत कॅनव्हास (आतून टाक्यांनी शिवलेलं जाड कापड) घालता की फ्युझिंग? फ्युझिंग म्हणजे गोंदाने इस्त्रीखाली चिकटवलेलं बकरम, स्वस्त आणि पटकन होतं, पण दोन-चार ड्रायक्लीननंतर लॅपलवर फोड यायला लागतात. निदान अर्धा कॅनव्हास घ्या, लॅपलचं वळण त्यानेच जिवंत राहतं. लॅपल सव्वातीन-साडेतीन इंच, कोटाची लांबी एवढी की मागून सीट पूर्ण झाकली गेली पाहिजे, मागे दोन कट. पँट नाभीच्या जवळ, फोटोत बेल्टचं बक्कल चमकायला नको असेल तर बाजूच्या पट्ट्या. बाहीतून शर्ट अर्धा इंच दिसू दे. आणि मुंढा वर. हा शब्द मास्टरला स्वतःहून सांगा, ‘मुंढा वर घ्या, टोचला तर मी सांगेन, कापायच्या आधी विचारा’.

ट्रायल दोन तरी, पहिला कच्च्या धाग्यावरचा, त्यासाठी दिवाळीच्या आधीच कापड द्या कारण डिसेंबरात कुठल्याच मास्टरचा पाय जमिनीवर नसतो. ट्रायलला रिसेप्शनचेच बूट आणि शर्ट घालून जा, खिशात मोबाईल ठेवा. आरशासमोर बाँडसारखं उभं राहून काही कळत नाही. मिठी मारा, खुर्चीत बसा, आणि वाकून पाया पडून बघा, निदान पाच-सहा वेळा, कारण त्या दिवशी तुम्ही सगळ्यात जास्त तेच करणार आहात. वाकल्यावर पाठीत कोट ताणला किंवा आसनात पँट आवळली तर तिथल्या तिथे मास्टरला सांगा, शिलाईत दाब ठेवलेला असतो, सोडवता येतो.